माणसांसकट विकलेली घरे

मुंबईतल्या एखाद्या जुन्या चाळीचे खरेदीखत वाचायला घेतले, तर पहिली काही पाने कंटाळवाणी जातात. देणार कोण, घेणार कोण, जागेचा कॅडॅस्ट्रल सर्व्हे क्रमांक, क्षेत्रफळ चौरस वारात, चतुःसीमा. पूर्वेला अमक्याची वाडी, पश्चिमेला सार्वजनिक रस्ता. बहुतेक खते इंग्रजीत असतात आणि एकच वाक्य दीड-दीड पान चालते. मोलाचा मजकूर शेवटी, परिशिष्टात असतो. तिथे एक तक्ता येतो : खोली क्रमांक, भाडेकरूचे नाव, मासिक भाडे, थकबाकी. तळमजल्यावरचा पिठाच्या गिरणीवाला, पहिल्या मजल्यावरचे शिक्षक, तिसऱ्या मजल्यावर संडासालगतच्या खोलीत राहणारा गिरणी कामगार, सगळे या तक्त्यात ओळीने बसलेले असतात. चतुःसीमेत जशी विहीर येते, पिंपळ येतो, तशी परिशिष्टात माणसे येतात.

खतावर सही करणाऱ्यांत मात्र यांतले कोणी नसते. इमारत विकली जाते, विकत घेतली जाते, नोंदणी कार्यालयात शिक्के पडतात, आणि तक्त्यातल्या माणसांना ते कळते बऱ्याच दिवसांनी. कधी जिन्यात चिकटवलेल्या कागदावरून, कधी भाडे घ्यायला नेहमीच्या मेहताजींऐवजी दुसराच कोणी आला म्हणून.

लोक राहत असताना घर विकले जाते म्हणजे नेमके काय विकले जाते? खोली तर विकणाऱ्याच्या ताब्यात नसते. विकत घेणाराही तिथे राहायला येणार नसतो. हा प्रश्न मला गेली काही वर्षे सोडत नाही. मी कायद्याचा पदवीधर नाही की इतिहासाचा. नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवशी जुनी कागदपत्रे जमवणे आणि वाचणे एवढाच माझा अभ्यास. त्यातही माझा मुख्य ऐवज म्हणजे भाडेपावत्या. रद्दीवाल्यांकडून, नातलगांच्या ट्रंकांमधून, माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यांतून त्या मिळत गेल्या. त्या पावत्यांच्या आणि कायद्याच्या पुस्तकांच्या आधाराने या प्रश्नाचा माग काढण्याचा हा प्रयत्न आहे.

विक्रीने भाडे मोडते काय?

प्रश्न मुंबईहून फार जुना आहे. रोमन कायद्यात उत्तर सरळ होते : विक्रीने भाडे मोडते. भाडेकरूचा करार जुन्या मालकाशी होता. नव्या मालकाने त्याला बाहेर काढले, तर त्याने जुन्या मालकाकडे भरपाई मागावी. युरोपात पुढे अनेक ठिकाणी हे उलटले. जर्मनीत नागरी संहितेचा पहिला मसुदा १८८८ साली आला तेव्हा त्यात रोमन तत्त्वच घातले होते. त्यावर मोठी टीका झाली आणि १ जानेवारी १९०० पासून अमलात आलेल्या संहितेत नेमके उलटे तत्त्व आले : विक्रीने भाडे मोडत नाही.

इंग्लंडची वाट वेगळी. तिथल्या सरंजामी व्यवस्थेत जमीनदाराने आपला हक्क दुसऱ्याला विकला, तरी कुळाने नव्या धन्याला मान्यता दिल्याशिवाय तो व्यवहार पुरा होत नसे. या मान्यतेला अ‍ॅटर्नमेंट म्हणत. तत्त्वतः तरी, खाली राहणाऱ्याच्या होकाराला किंमत होती. राणी अ‍ॅनच्या काळात, १७०५ साली कायदा करून ही अट काढून टाकली. व्यापार वाढला होता, मालमत्ता भराभर हात बदलत होती; प्रत्येक वेळी कुळांच्या दारात जाऊन होकार मिळवणे परवडणारे नव्हते. त्याच कायद्याने कुळाला एक संरक्षण दिले. विक्रीची खबर मिळण्यापूर्वी त्याने जुन्या मालकाला भाडे दिले असेल, तर त्याचा भुर्दंड त्याच्यावर पडणार नाही.

हीच मांडणी आपल्याकडे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात आली. त्याचे १०९ वे कलम सांगते की, भाड्याने दिलेली मालमत्ता मालकाने विकली, तर वेगळा करार नसल्यास मालकाचे सगळे हक्क खरेदीदाराला मिळतात, आणि भाडेकरूने तसे ठरवले तर मालकाच्या जबाबदाऱ्याही खरेदीदारावर येतात. जुनी थकबाकी आपोआप त्याच्याकडे जात नाही. विक्री झाली आहे असे समजण्याचे कारण नसताना भाडेकरूने जुन्या मालकाला भाडे दिले, तर नवा मालक ते पुन्हा मागू शकत नाही. थोडक्यात, भाडेकरू जागेवर राहतो, मालक त्याच्या डोक्यावरून बदलतो. भाडेकरूला विचारायचे नाही, पण कळवायचे.

गंमत अशी की अ‍ॅटर्नमेंटची गरज कायद्याने संपली, तरी तो शब्द मुंबईत टिकला. ‘अ‍ॅटर्नमेंटची नोटीस आली’ हे वाक्य इंग्रजी चौथीपलीकडे न शिकलेल्या म्हाताऱ्यांच्या तोंडून मी ऐकले आहे. ज्या होकाराची गरज उरली नव्हती, त्याचे नाव तेवढे जिन्यात चिकटवलेल्या कागदावर उरले.

गोठलेले भाडे

१८८२ च्या कायद्याने भाडेकरूला दिलेले संरक्षण तसे पातळ होते. महिन्याच्या भाड्याने राहणाऱ्याला पंधरा दिवसांची नोटीस दिली की संपले. नवा मालक विक्रीमुळे त्याला काढू शकत नसे, पण विक्रीनंतर नोटीस देऊन काढू शकत असे. मुंबईत हे बदलले ते महायुद्धांमुळे.

१८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने दाट वस्त्या पाडून रस्ते काढले, पण पाडलेल्या खोल्यांच्या मानाने नव्या खोल्या मागाहून आल्या. गिरण्या वाढत होत्या, कोकणातून आणि घाटावरून माणसे येत होती. पहिल्या महायुद्धात बांधकाम मंदावले आणि भाडी चढली. तेव्हा १९१८ साली मुंबईत भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा झाला. तो तात्पुरता होता आणि पुढे संपलाही. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर, १९३९ मध्ये पुन्हा कायदा आला, १९४४ मध्ये आणखी एक, आणि अखेर १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा १३ फेब्रुवारी १९४८ पासून लागू झाला. तोही मुदतीचाच होता. त्या मुदती वाढत वाढत अर्धशतक गेले.

या कायद्याने दोन गोष्टी केल्या. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते ते प्रमाण भाडे ठरवले. आणि भाडेकरू भाडे देत आहे, द्यायला तयार आहे, तोवर ठरावीक कारणांखेरीज त्याला काढता येणार नाही असे म्हटले. मालकाला स्वतःला जागा हवी असेल तर मागता येई. पण काढण्याने कोणाचे हाल जास्त होतील, हे कोर्टाने तोलून पाहायचे. मालक कोण, याची या कायद्यातली व्याख्याही लक्षात ठेवण्याजोगी आहे. तूर्त जो भाडे घेतो, किंवा घेण्यास हक्कदार आहे, तो मालक. वीट, चुना, सागवानी वासे यांचा त्यात उल्लेख नाही.

इथे मराठी वाचकाला दुसरा एक कायदा आठवल्याशिवाय राहणार नाही. १९४८ चा कूळकायदा. त्यातल्या दुरुस्तीनुसार १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. त्या दिवशी जमीन कसणारे कूळ तिचे खरेदीदार मानले गेले. प्रत्यक्ष किंमत ठरून सातबारावर नाव चढायला अनेकांना वर्षे लागली, पण तत्त्व ठरले. आता योगायोग पाहा. त्याच दिवशी, १ एप्रिल १९५७ रोजी, देशात दशमान नाणी आली. रत्नागिरीकडच्या ज्या चाकरमान्याचे घर गावी कुळाने जमीन करत होते, त्याच्या गावच्या तुकड्यावर त्या दिवशी त्याचा हक्क उगवला. आणि त्याच्या मुंबईच्या खोलीच्या पावतीवर १२–८–० चे १२.५० झाले. गावात कूळ मालक झाले, शहरात आण्यांचे नये पैसे झाले.

शहरातल्या भाडेकरूला मालकी मिळाली नाही. मिळाले ते असे काही, की ज्याला त्या वेळी नाव नव्हते. मालकी नाही, पण काढता येत नाही. आणि तो गेल्यावर त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयालाही काढता येत नाही.

किंमत कशी ठरायची

अशी इमारत मग कोण विकत घेणार, आणि कितीला? उदाहरण म्हणून ४० खोल्यांची चाळ घेऊ, खोलीचे भाडे महिना १२ रुपये. महिन्याला ४८० रुपये, वर्षाला ५,७६०. त्यातून पालिकेचा कर, भंगीकाम, दिवाबत्ती, गळक्या कौलांची डागडुजी वजा करायची. उरेल त्यावर व्याजाच्या हिशेबाने खरेदीदार बोली लावायचा. जमीन गिरगावात आहे की लालबागला, याला फारसा अर्थ उरत नसे, कारण जमीन मोकळी होणारच नव्हती. हीच जागा रिकामी असती, तर आकडा वेगळाच असता. दलालांच्या भाषेत ‘रिकामा ताबा’ आणि ‘भाडेकरूंसह’ हे दोन वेगवेगळे माल होते.

विकणाऱ्याची बाजूही पाहिली पाहिजे. सगळे चाळमालक काही शेठ नव्हते. एखाद्या पाठारे प्रभू किंवा पारशी कुटुंबातल्या आजोबांनी बांधलेली इमारत चार पिढ्यांत वाटली जाऊन सोळा-सतरा वारसांकडे आलेली असे. महिन्याचे भाडे वाटून घ्यायचे, तर ट्रामचे तिकीटही निघू नये. दुरुस्ती करावी तर खिशातून, न करावी तर पालिकेची नोटीस. फाजिंदारी जमिनीवरच्या इमारतींत तर जमिनीचा धनी एक, इमारतीचा दुसरा, आणि राहणारे तिसरेच. अशा मालकाला इमारत म्हणजे ठेव नसून दुखणे वाटे, आणि मिळेल त्या भावात तो ती काढून टाकी.

घेणारा बहुधा थांबू शकणारा असे. भाड्याच्या उत्पन्नासाठी कोणी असला व्यवहार करत नव्हते. तो विकत घेत होता वाट पाहण्याचा हक्क. कायद्याची मुदत कधीतरी संपेल, इमारत कधीतरी मोडकळीला येईल, भाडेकरू कधीतरी थकतील. तेव्हा खाली जमीन असेलच.

भाडेकरूही विकत होते

मात्र वाट पाहण्याच्या काळात दुसऱ्या बाजूनेही विक्री चालू होती. काढता येत नाही असा भाडेकरू खोली सोडायला तयार झाला, तर त्या सोडण्याला किंमत होती. तीच पागडी. येणारा जाणाऱ्याला पैसे द्यायचा, आणि मालक पावती नव्या नावाने करून देण्याबद्दल आपला वाटा घ्यायचा. बहुतेक ठिकाणी तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. १९४७ च्या कायद्याने असे पैसे घेणे गुन्हा ठरवले होते. तरी निम्मी मुंबई या गुन्ह्यावर राहत होती. मुलीच्या लग्नासाठी, गावी घर बांधण्यासाठी, डोंबिवलीला ब्लॉक घेण्यासाठी गिरगाव-दादरच्या खोल्या अशाच सोडल्या गेल्या. खोलीची पागडी ही मध्यमवर्गीय मराठी कुटुंबाची न लिहिलेली पेन्शन होती.

म्हणजे एकाच भिंतींची दोन स्वतंत्र विक्रीपत्रे होत होती. वर मालक इमारत विकत होता, त्याचे खत नोंदणी कार्यालयात. खाली भाडेकरू खोली विकत होता, त्याचा पुरावा फक्त एक पावती. दोघांकडे मालकीचा अर्धा-अर्धा तुकडा होता आणि दोघेही तो दुसऱ्याला न विचारता फिरवू पाहत होते. भाडेकरूला मालकाच्या सहीची गरज पडे, एवढाच फरक. मालकाला भाडेकरूच्या सहीची गरज नव्हती.

पावत्या काय सांगतात

पावती देणे मालकावर कायद्याने बंधनकारक होते. पाच-सहा इंच लांबीचा हा कागद नीट वाचला, तर इमारतीचा इतिहास त्यात उतरलेला दिसतो. माझ्याकडच्या जुन्या पावत्यांवर रेव्हेन्यू तिकीट सहसा नसते, कारण वीस रुपयांवरच्या रकमेलाच एक आण्याचे तिकीट लागे आणि खोलीचे भाडे त्याखाली असे. एखाद्या पावतीवर तिकीट दिसले, की समजावे एकाहून अधिक महिन्यांचे भाडे एकदम भरले आहे. गिरण्यांच्या संपाच्या काळातल्या पावत्यांवर ते हटकून दिसते. छापील मजकूर कुठे गुजराती, कुठे इंग्रजी. त्यामुळे नावांची दशा होते. कुठे ‘गांवकर’चा ‘गानकर’, कुठे ‘ठोंबरे’चा ‘थोमरे’. पण तीच चूक तीन पिढ्या जपलेली असते, कारण पावतीवरचे नाव बदलायला पैसे पडतात.

मालक बदलला की पावतीवर सर्वांत आधी दिसते ती भाषेतली सावधगिरी. नव्या पावतीवर आडवा शिक्का येतो : हक्कांना बाध न येता. म्हणजे पैसे घेतले, पण तुम्हाला भाडेकरू मानले असे समजू नका. कधी ‘भाडे’ शब्दाऐवजी ‘नुकसानभरपाई’ लिहिलेले असते. काही वेळा पावत्याच थांबतात, आणि त्या जागी डब्यात मनीऑर्डरीच्या पोचपावत्या सापडू लागतात. मालकाने भाडे नाकारले, तर पोस्टाने पाठवायचे. ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून ते परत आले की तो शेरा जपून ठेवायचा. भाडे द्यायची तयारी होती, याचा तो पुरावा. दोन दावेदार निघाले आणि भाडे कोणाला द्यायचे हेच कळेना, तर धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात पैसे भरायचे. भाडे न दिल्याने घर जाते हे मुंबईच्या भाडेकरूला पाठ होते. भाडे चुकीच्या माणसाला दिल्यानेही ते धोक्यात येऊ शकते, हे त्याला मालक बदलताना समजे.

आमच्या गिरगावातल्या चाळीच्या पावत्यांवर तीन मालकांची नावे आहेत. तिसऱ्याच्या वेळी मी शाळेत होतो. चाळीतल्या एका कारकुनांनी सगळ्यांच्या पावत्या एका वहीत उतरवून काढल्या होत्या, खोलीवार, सनवार. नवा मालक कोणाला काय विचारील याचा भरवसा नव्हता, म्हणून. वडील गेल्यानंतर त्या वहीची नक्कल माझ्याकडे आली. त्या वहीत आणि खरेदीखताच्या परिशिष्टात एक फरक मला फार नंतर दिसला. परिशिष्टात ४० खोल्यांची ४० नावे होती. वहीत प्रत्येक नावाखाली घरात राहणारी सगळी माणसे होती. त्यात विधवा आत्या होत्या, शिकायला आलेले पुतणे होते, गॅलरीत झोपणारे खाणावळीचे गडी होते. आमच्या खोलीखाली आईचे नाव होते. पावतीवर ते कधीच आले नाही. आजही पावती आजोबांच्या नावाने फाटते.

ओझ्याचे भांडवल

वाट पाहणाऱ्या मालकाचा एक हिशेब खरा ठरला : इमारती मोडकळीला आल्या. कोसळण्याच्या घटना वाढल्या तेव्हा १९६९ साली दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा झाला आणि उपकर सुरू झाला. त्या वेळी अशा १९,६४२ इमारतींची मोजदाद झाली. त्यांतल्या १६,५०२ इमारती १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या, म्हणजे ‘अ’ वर्गातल्या होत्या. दुरुस्तीचे काम मालकाकडून सरकारी मंडळाकडे सरकले. पुढे ते १९७६ च्या म्हाडा कायद्याखाली आले.

१९८६ मध्ये या कायद्यात आठ-अ हे प्रकरण घातले गेले. उपकर भरणाऱ्या इमारतीतल्या सत्तर टक्के रहिवाशांनी सहकारी संस्था करून मागणी केली, तर सरकार ती इमारत संपादन करून त्यांना देऊ शकेल. मालकाला मोबदला मासिक भाड्याच्या शंभर पट. वरच्या उदाहरणातल्या चाळीला हे लावले, तर ४० खोल्या आणि खालची सगळी जमीन मिळून ४८,००० रुपये होतात. कूळकायद्याचे तत्त्व एकोणतीस वर्षांनी शहरात आले, तेही गोठलेल्या भाड्याच्या मापाने. प्रॉपर्टी ओनर्स असोसिएशनने याविरुद्ध दाद मागितली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात तीन दशकांहून अधिक काळ राहिले आणि अखेर नऊ न्यायमूर्तींपुढे गेले. ५ नोव्हेंबर २०२४ रोजी बहुमताचा निकाल आला, की प्रत्येक खाजगी मालमत्तेला समाजाचे भौतिक साधन म्हणता येणार नाही. संविधानाच्या ३९ (ब) अनुच्छेदावरच्या या मोठ्या चर्चेचा उगम मुंबईच्या गळक्या चाळींत आहे, हे वर्तमानपत्रे वाचताना सहज लक्षात येत नव्हते.

भाडेगोठवणीबद्दलही न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सुनावले होते. १९४० चे भाडे कायम ठेवणे काळाच्या ओघात अवाजवी झाले आहे, असे म्हणूनही कायद्याची मुदत संपत आली असल्याने तो रद्द केला नाही. मग ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू झाला. त्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली. बारा रुपयांच्या खोलीला पहिल्या वर्षी अठ्ठेचाळीस पैसे. चक्रवाढीने पंचवीस वर्षांनी बत्तीस रुपयांच्या आसपास. पण त्याच कायद्याच्या ५६ व्या कलमाने पागडी घेणे कायदेशीर केले. पन्नास वर्षे जो गुन्हा होता तो व्यवहार ठरला. भाडेकरूच्या हातातल्या अर्ध्या तुकड्याला प्रथमच कायद्याने नाव दिले.

तरी सर्वांत मोठी उलथापालथ भाडे कायद्याने केली नाही, ती बांधकामाच्या नियमांनी केली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ३३ (७) या नियमाने उपकरप्राप्त इमारती पाडून पुन्हा बांधायला जादा चटईक्षेत्र दिले. जुन्या रहिवाशांना विनामूल्य नवी घरे द्यायची आणि त्या बदल्यात विक्रीसाठी जादा मजले बांधायचे. रहिवाशांच्या घरांसाठी जितके क्षेत्र लागेल, त्याच्या प्रमाणात उत्तेजनार्थ क्षेत्र मिळणार. या एका वाक्याने जुना हिशेब उलटा झाला. आजवर परिशिष्टातली प्रत्येक ओळ इमारतीची किंमत कमी करत होती. आता प्रत्येक ओळीमागे जादा चौरस फूट होते. ‘भाडेकरूंसह’ हा शब्द जाहिरातीत लाज वाटून लिहिला जाई, तो आता मोठ्या अक्षरांत आला.

साहजिकच नवे भाडेकरू उगवू लागले. खोलीचे दोन भाग करून, जिन्याखालच्या कोनाड्याला क्रमांक देऊन. म्हणून नियमात तारीख घालावी लागली : १३ जून १९९६ नंतर निर्माण केलेला भाडेकरू धरला जाणार नाही. आणि मग त्या तारखेपूर्वीची भाडेपावती, जी कालपर्यंत रद्दीच्या भावाने जात होती, ती नव्या फ्लॅटची किल्ली झाली. त्या काळात पत्र्याचे डबे किती घाईने उघडले गेले, हे चाळीत राहिलेल्या प्रत्येकाला आठवत असेल.

होकाराची परतफेड

या नियमात आणखी एक अट होती. पुनर्विकासासाठी सत्तर टक्के रहिवाशांची लेखी संमती हवी. अलीकडे ती एक्कावन्न टक्क्यांवर आणली आहे. इतिहासाच्या दृष्टीने मला ही अट सर्वांत बोलकी वाटते. खाली राहणाऱ्याचा होकार इंग्रजी कायद्याने १७०५ मध्ये अनावश्यक ठरवला, १८८२ मध्ये आपणही तो सोडून दिला. शंभरहून अधिक वर्षे मुंबईच्या इमारती भाडेकरूंना न विचारता हातोहात गेल्या. आणि अखेर त्यांची जमीन मोकळी करायची वेळ आली, तेव्हा त्याच भाडेकरूंच्या सह्या गोळा करत बिल्डरची माणसे मजले चढू लागली. आजही मालक इमारत विकताना कोणाला विचारत नाही. पण विकत घेणाऱ्याला जे हवे असते, ते सह्यांशिवाय मिळत नाही.

मात्र हा होकार आणि तो जुना होकार एक नव्हे. अ‍ॅटर्नमेंट प्रत्येकाचे वेगळे होते. आजची संमती टक्क्यांत मोजतात. शंभरातले एक्कावन्न हो म्हणाले, की उरलेल्या एकूणपन्नासांनाही तात्पुरत्या जागेत जायचे असते, आणि परत किती वर्षांनी यायचे हे त्यांच्या हातात नसते. अर्धवट सांगाडे उभे राहून गेलेल्या आणि रहिवाशांचे भाडे थकवलेल्या योजना दक्षिण मुंबईत चालत फिरले तरी दिसतात. शिवाय संमती कोणाची घ्यायची, तर पावतीवर ज्याचे नाव आहे त्याची. तिथे परत तोच तक्ता येतो. खोलीमागे एक नाव. आत्या त्यात नाही, पुतण्या नाही, तीस-चाळीस वर्षे तिथला स्टोव्ह पेटवणारी घरधनीण नाही. पावतीवरचे नाव मृताचे असेल, तर त्याच्या चार मुलांत भांडण लागते. आणि घर सांभाळणारी एक, सही करणारा दुसरा, असेही होते.

आमच्या चाळीला चौथा मालक आला आहे. खरेदीखताची नक्कल मी रीतसर फी भरून काढून आणली. परिशिष्ट तसेच आहे, ४० ओळींचे. त्यातली किमान अकरा माणसे आज हयात नाहीत. बिल्डरच्या माणसाने रहिवाशांची नवी यादी करायला घेतली, तेव्हा मी कारकुनांच्या त्या वहीची झेरॉक्स पुढे ठेवली. ‘हे रेकॉर्डला नाही,’ असे तो म्हणाला. त्याचे म्हणणे कायद्याला धरून आहे. म्हणून चाळीतल्या सात-आठ घरांनी ठरवून एक काम सुरू केले आहे. जिथे पावती मृताच्या नावाने आहे, तिथे सोबत राहणाऱ्या वारसाच्या, आणि जिथे शक्य तिथे घरातल्या बाईच्या नावाने ती करून मागायची. अर्ज रजिस्टर पोस्टाने जातात. पहिला अर्ज माझ्या आईचा आहे. उत्तर अजून आलेले नाही.

चाळींचा इतिहास लिहिताना आपण गणेशोत्सव लिहितो, मेळे लिहितो, सामायिक नळावरची भांडणे लिहितो. त्या सगळ्यांच्या खाली कोण कोणाला काय विकत होते, याची नोंद मात्र मराठीत फार थोडी झाली. ती करायची साधने घराघरांत आहेत आणि इमारतीगणिक ती नष्ट होत आहेत. घर रिकामे करताना पहिली रद्दी निघते ती याच कागदांची. वाचकांपैकी कोणाकडे अशा पावत्या, मनीऑर्डरीच्या पोचा, जिन्यातल्या नोटिसा असतील, तर नवे घर मिळाले म्हणून त्या टाकून देऊ नयेत. निदान त्यांवरची नावे आणि तारखा एका वहीत उतरवाव्यात. उतरवताना पावतीवर नसलेली, पण त्या खोलीत राहिलेली नावेही खाली लिहावीत.